कान देऊन ऐकायच्या गोष्टी

आमच्या धंद्यातल्या माणसाला ४२ हा आकडा सांगितला की तो गालातल्या गालात हसतो. डग्लस ॲडम्सचं 'हिचहायकर्स गाईड टू द गॅलक्सी' प्रोग्रॅमर लोकांचं लाडकं पुस्तक. पण गंमत अशी की ती गोष्ट मुळात पुस्तक नव्हतीच. मार्च १९७८ मध्ये बीबीसी रेडिओ ४ वर ती श्रुतिका म्हणून सुरू झाली. पुस्तक आलं त्यानंतर, १९७९ मध्ये. त्यातल्या झेफॉडला दोन डोकी आहेत. रेडिओवर हे काम एका वाक्यात भागलं. १९८१ च्या टीव्ही मालिकेत मात्र नटाच्या खांद्यावर यांत्रिक डोकं बसवावं लागलं, आणि ते बघताना सारखं खोटं वाटत राहतं!

माझं म्हणणं एवढंच आहे, की श्रुतिका म्हणजे चित्र काढून घेतलेला सिनेमा नव्हे. तो वेगळाच प्रकार आहे, आणि गेल्या दहा-बारा वर्षांत पॉडकास्टमुळे त्याला पुन्हा चांगले दिवस आलेत. तरी आपल्याकडे पॉडकास्ट म्हटलं की मुलाखती आणि शेअर बाजार. कथा ऐकणारे त्या मानाने थोडे.

आता तुम्ही म्हणाल, नुसत्या आवाजावर गोष्ट कशी उभी राहणार? हाच तर खरा डिझाइनचा प्रश्न आहे. कच्चा लेखक पात्राच्या तोंडी "अरे बापरे, तुझ्या हातात पिस्तूल!" असलं वाक्य घालतो आणि मजा घालवतो. हुशार लेखक आधी ठरवतो, की हा आवाज श्रोत्यापर्यंत पोचतोय तरी कसा? २०१२ मध्ये सुरू झालेलं 'वेलकम टू नाइट व्हेल' घ्या. वाळवंटातल्या एका चमत्कारिक गावाचं ते स्थानिक रेडिओ स्टेशन आहे. निवेदक अतिशय शांतपणे हवामान आणि गावातल्या भानगडी सांगतो, जणू सगळं रोजचंच. 'द मॅग्नस आर्काइव्ह्ज' (२०१६ ते २०२१, बरोब्बर २०० भाग) मध्ये एक आर्काइव्हिस्ट लोकांच्या भयंकर अनुभवांच्या जबान्या टेपरेकॉर्डरवर वाचून ठेवतो. हळूहळू तो टेपरेकॉर्डरच संशयास्पद वाटायला लागतो. 'वुल्फ ३५९' (२०१४ ते २०१७) हे एका अंतराळ स्थानकावरच्या आळशी संपर्क अधिकाऱ्याचं लॉग. सुरुवातीला नुसती धमाल, पुढे जीव टांगणीला.

चौथं 'होमकमिंग', २०१६ चं. युद्धावरून परतलेला सैनिक आणि त्याची समुपदेशक यांच्या बैठकींची रेकॉर्डिंग, मधेच फोनवरची बोलणी, बस्स. २०१८ मध्ये ॲमेझॉनने ज्युलिया रॉबर्ट्सला घेऊन त्याची मालिका काढली. मालिका वाईट नाही, पण मला विचाराल तर ऐकण्यात जी धाकधूक होती ती बघण्यात राहिली नाही. चोरून दुसऱ्याचं बोलणं ऐकतोय ही भावनाच गेली ना!

हे सगळं इंग्रजी झालं. पण हा प्रकार आपल्याला परका थोडाच आहे? विविध भारतीवरचं 'हवा महल' आठवतंय का? मुंबई आकाशवाणीवरचं 'पुन्हा प्रपंच'? बाळ कुडतरकर आणि नीलम प्रभू यांचे आवाज ज्यांनी ऐकलेत, त्यांच्यासाठी मीनावहिनी आणि टेकाडे भावजी शेजारीच राहायचे.

माझ्या मावशीची नजर गेली काही वर्षं उतरत चाललीय. टीव्हीवरच्या मालिका तिच्या आता कामाच्या नाहीत. निम्मा वेळ नुसते चेहरे दाखवून ढॅण ढॅण संगीत चालतं, झालं काय ते तिला कळतच नाही. ऑडिओबुकं लावून दिली. ती ऐकते, पण म्हणाली, "एकच माणूस किती वेळ बोलणार रे? घरात चार माणसं बोलतायत असं काहीतरी लाव की." तिला नेमकं काय हवंय ते मला कळलं, फक्त मराठीत ते पुरेसं सापडत नाही. ऑडिओबुकं खूप झाली, चांगलीही झाली. पण चार-पाच नट घेऊन, खास कानांसाठी लिहिलेली नवी श्रुतिका शोधत बसावी लागते. एकांकिका स्पर्धांमधून दर वर्षी एवढे लिहिणारे आणि आवाजाची जाण असलेले नट तयार होतात. नेपथ्य नको, तालमीला हॉल नको, दौऱ्याची बस नको. दोन चांगले माइक आणि आवाजाचं संकलन जाणणारा एक माणूस, यावर सुरुवात करता येईल. कुणीतरी करा राव.

तोवर ज्यांना इंग्रजी चालतं त्यांनी 'होमकमिंग'पासून सुरुवात करावी. दोनच सीझन आहेत, शनिवार-रविवारात एक तरी होईल. विनोद हवा असेल तर 'वुल्फ ३५९', पण पहिले दहा भाग धीर धरा. 'मॅग्नस' रात्री एकट्याने ऐकू नका, किंवा ऐकाच :)

आणि एक विनंती. टेक टॉक ऐकतो तसं दीडपट वेगाने हे ऐकू नका. श्रुतिकेत दोन वाक्यांमधली शांतता हाही संवादच असतो. कोड लिहिता लिहिताही नको, दोन्हीकडे बग राहतात. भांडी घासताना किंवा संध्याकाळी चालायला जाताना उत्तम.