दोन दगडांवर पाय? ठेवू द्या की!

परवा दुपारी शेजारची बारावीतली मुलगी तणतणत घरी आली. मागोमाग तिची आई. मुलगी म्हणाली, "काकू, तुम्हीच सांगा हिला. मला बीबीए-एलएलबी करायचंय." आई म्हणाली, "ताई, एक काहीतरी शिक म्हणा. वकिली तरी, नाही तर ते बिझनेसचं तरी. पोरगी दोन दगडांवर पाय ठेवून राहिली."

मैत्रिणींनो, क्षणभर मलाही आईचंच पटलं. मुलचेऱ्यासारख्या जंगलातल्या तालुक्यात राहून कायदा आणि व्यवसाय असं जोडीनं शिकायचं म्हणजे जरा जास्तच नाही का? पण मग मला तो करारनामा आठवला.

आमच्याकडे मे महिन्यात तेंदूपानांचा हंगाम असतो. बाया पहाटे अंधारात जंगलात जातात, दुपारी घरी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात आणि संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून देतात. पेसा आणि वनहक्क कायद्यामुळे ही पानं विकण्याचा अधिकार आता ग्रामसभांना आहे. काही वर्षांपूर्वी ओळखीच्या एका गावानं कंत्राटदाराशी करार केला. मी शिकलेली म्हणून बायांनी कागद माझ्यापुढे ठेवला. मी मराठी वाङ्मय घेऊन बी.ए. झालेली. त्यातल्या शुद्धलेखनाच्या चार चुका मला पटकन सापडल्या. पण दुसरा हप्ता कोणत्या तारखेला द्यायचा आणि नाही दिला तर काय, हे त्या कागदात कुठेच नव्हतं. ते काही माझ्या लक्षात आलं नाही. पहिला हप्ता आला, दुसरा आलाच नाही. बायांनी मला एका शब्दानंही बोल लावला नाही. त्याचंच जास्त लागतं.

त्या दिवशी गावाला नुसता वकील असून भागलं नसतं. कंत्राटदाराला माल देताना किती रक्कम आधी घ्यावी, भाव पडला तर काय करावं, हिशेब कसा ठेवावा, हेही कळायला हवं होतं. म्हणजे कायदाही आणि व्यवहारही!

आपल्याच जिल्ह्यातलं धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा बघा. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबू विकण्यासाठी २०११ पर्यंत झगडावं लागलं. या गावानं अभ्यासगटात बसून कायदा समजून घेतला आणि मग बांबूचा व्यवहार हाती घेतला. हक्काचा कागद आणि बाजाराचा हिशेब, दोन्ही सांभाळले तेव्हा कुठे पैसा गावात आला.

आणि बायकांनी मालमत्तेसाठी कायदा शिकणं काही नवीन नाही. १८६६ मध्ये नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डला कायदा शिकल्या आणि पुढे पडद्यात राहणाऱ्या स्त्रियांच्या मालमत्तेच्या कामात उभ्या राहिल्या. बायकांना वकिलीची दारं उघडणारा कायदा मात्र १९२३ मध्ये आला. आज दार उघडं आहे, तर आपणच मुलीला उंबऱ्यावर अडवायचं?

आता पैशांचं बोलू. आईचा खरा घोर तोच असतो. बीबीए-एलएलबी हा बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम. नागपूर-पुण्याच्या खाजगी संस्थांत त्याची फी आणि वसतिगृहाचा खर्च ऐकून छाती दडपते. ज्यांना झेपत नाही त्यांनी हिरमुसू नये. आधी बी.कॉम. आणि मग तीन वर्षांचं एलएलबी, हाही रस्ता आहे. वर्ष एक जास्त लागतं, पण मध्येच काही अडचण आली तर बी.कॉम.ची पदवी तरी हातात राहते. कायद्याचं कॉलेज चंद्रपूरलाही आहे. शिवाय २०२४-२५ पासून राज्य सरकारनं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क माफ केलं आहे. मात्र प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतूनच हवा, आणि अभिमत विद्यापीठांना ही सवलत लागू नाही. म्हणून अर्ज भरण्याआधी दोन गोष्टी विचारायच्याच: कॉलेजला बार कौन्सिलची मान्यता आहे का, आणि पाच वर्षांचा एकूण खर्च किती. सनदेच्या फीचीही धास्ती नको. जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती कायद्यात लिहिलेल्या ७५० रुपयांपेक्षा, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांपेक्षा, जास्त घेता येणार नाही असं बजावलं आहे.

"पण एवढं शिकून ही मुलचेऱ्यात काय करणार?" आईचा शेवटचा प्रश्न. खरं सांगते, कदाचित ती परत येणारही नाही. नोकऱ्या शहरातच जास्त. 'गावासाठी शीक' असं ओझं मी कुठल्याच पोरीच्या डोक्यावर ठेवणार नाही. आपण आपल्या मुलांना असं विचारतो का? पण काम इथंही आहे. सूरजागडला लोहखनिज निघतंय, कोनसरीला कारखाना आलाय. जमिनीचे, वाहतुकीचे, मजुरीचे कागद रोज होतात. टेबलाच्या पलीकडच्या बाजूला वकीलही असतो आणि मॅनेजरही. अलीकडे मात्र आपण अंगठा किंवा सही करायला तेवढे बसतो.

दोन दगडांवर पाय ठेवू नये म्हणतात. पण आमच्याकडे पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की एकाच दगडावर उभं राहणारी बाई अलीकडेच राहते. पलीकडे जायचं तर दुसऱ्या दगडावर पाय टाकावाच लागतो!

आईनं अजून 'हो' म्हटलेलं नाही. 'यांना विचारते' एवढंच म्हणून गेली. पण जाताना सीईटीच्या अर्जाची तारीख मात्र दोनदा विचारून घेतली.

त्या करारनाम्याची झेरॉक्स माझ्या कपाटात अजून आहे. पोरगी शिकायला लागली, की पहिल्या सुट्टीत तिच्यापुढे ठेवणार आहे. म्हणणार, "बघ गं, काकूचं काय चुकलं ते."