शब्द कुणाचे?

दिवाळी पहाटेच्या मैफलीत एखाद्या जुन्या गाण्याचे नुसते सूर लागले, तरी अवघे सभागृह गुणगुणू लागते. गाणे संपल्यावर गायकाचे नाव निघते, संगीतकाराचे निघते. शब्द कुणाचे, हे पुष्कळदा विचारायचेच राहून जाते. यंदाचा अंक आम्ही गीतकारांना वाहिला आहे, तो हे ऋण मनात ठेवून.

अंकाची आखणी करताना पहिले नाव आले ते शान्ता शेळके यांचे. १९२२ साली इंदापूरला जन्मलेल्या शान्ताबाई मराठीच्या प्राध्यापक होत्या. आचार्य अत्र्यांच्या ‘नवयुग’मध्ये त्यांनी लेखणी घासली, कालिदासाचे ‘मेघदूत’ मराठीत आणले. त्याच हातांनी त्यांनी कोळीगीते लिहिली, लावण्या लिहिल्या, चित्रपटांची गाणी लिहिली.

चित्रपटात बहुधा चाल आधी तयार असते. ठरलेल्या मात्रांत, तीन-चार मिनिटांत पात्राचे मन मावले पाहिजे. भालजी पेंढारकरांच्या ‘मराठा तितुका मेळवावा’साठी (१९६४) शान्ताबाईंनी लिहिले, तेव्हा संगीतकार होते ‘आनंदघन’, म्हणजे लतादीदी. रंगभूमीची मागणी वेगळी. रणजित देसाईंच्या ‘हे बंध रेशमाचे’ या नाटकासाठी शान्ताबाईंनी लिहिलेली पदे पं. जितेंद्र अभिषेकींनी स्वरबद्ध केली. नाट्यपदात शब्द मोजके हवेत, आलापाला आणि तानेला मोकळी जागा हवी, आणि तरीही प्रसंग पुढे सरकला पाहिजे.

मागणीबरहुकूम लिहिलेले ते दुय्यम, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. आम्हाला ते मान्य नाही. दुसऱ्याच्या चालीत, दुसऱ्याच्या पात्राच्या तोंडी स्वतःचा अस्सल शब्द ठेवायला भाषेवर हुकमत लागते, आणि त्याहून अधिक लागतो मनाचा मोठेपणा. सेन्सॉर बोर्डावर असताना शान्ताबाईंनी ‘वसंत अवसरे’ या नावाने गाणी लिहिली. ती ऐकणाऱ्या कितीजणांना त्या नावामागची कवयित्री ठाऊक होती? गाणी मात्र घराघरांत पोहोचली.

गीतकाराचे नाव असे मागे राहावे, ही गाण्याची गरज नाही. ती आपली सवय आहे, आणि सवय मोडता येते. या दिवाळीत एखादे आवडते गाणे ओठांवर आले, तर घरातल्या मुलांना त्याचा गीतकारही सांगा. पुढची पाने वाचताना अशी अनेक नावे तुम्हाला भेटतील.



— संपादक