चुकायला जागा हवी

नागपूरजवळच्या कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात अभियांत्रिकीची मुले सहलीला येतात, हेल्मेट घालून नियंत्रण कक्षातले पडदे लांबून बघतात आणि अहवाल लिहून मोकळी होतात. ६६० मेगावॅटचा चालता संच त्यांच्या हाती कुणी देणार नाही, देऊही नये. पण याच कोराडीत महानिर्मितीचे, म्हणजे राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीचे, प्रशिक्षण केंद्र आहे, आणि तिथे सिम्युलेटरवर अभियंते तयार होतात. २१० मेगावॅटच्या जुन्या संचाच्या सरावात समजा बॉयलरला पाणी पुरवणारा पंप अचानक थांबला. बॉयलरच्या ड्रममधली पाण्याची पातळी झरझर उतरते, धोक्याचे इशारे लागतात, निर्णय क्षणात घ्यायचा. चुकले तर संच बंद, पण फक्त पडद्यावर. पुन्हा पहिल्यापासून! सिम्युलेटरची खरी ताकद ती हीच.

कोराडीच्या ६६० मेगावॅटच्या तिन्ही सुपरक्रिटिकल संचांत तर हा ड्रमच नसतो. २१० मेगावॅटच्या जुन्या संचापेक्षा हा केवढा फरक! तो फळ्यावरच्या आकृतीतून किती जणांच्या डोक्यात शिरणार?

असे पडद्यावर करून शिकण्यासाठी आयआयटींच्या व्हर्च्युअल लॅब्ज कधीच्या खुल्या आहेत. व्हीआर हेडसेट विकत घेऊन कपाटात ठेवण्यापेक्षा नागपूरच्या महाविद्यालयांनी महानिर्मितीशी करार करावा, सिम्युलेटरचे रिकामे तास विद्यार्थ्यांना मिळवून द्यावेत, सूचना मराठीतही असाव्यात. आणि या तासांना विद्यापीठाने श्रेयांक द्यावेत, येत्या सत्रापासूनच.