कागद कोणाच्या हातचा?

नव्या घराला आशीर्वाद देण्यासाठी आम्हां धर्मगुरूंना बोलावणे येते, तेव्हा आम्ही स्टोल गळ्यात घालतो, प्रार्थना म्हणतो, प्रत्येक खोलीत पवित्र पाणी शिंपडतो आणि सरबत घेऊन परततो. हे घर ज्या जमिनीवर उभे आहे, तिथे ते उभे राहण्यास कोणी परवानगी दिली, हा प्रश्न गेल्या पंचवीस वर्षांत आम्ही एकाही यजमानाला विचारला नाही. तो विचारणे अशिष्टपणाचे ठरले असते, अशी आमची समजूत होती. ती समजूत चुकीची होती, हे आज आम्ही आधी कबूल करतो. कारण या लेखात इतरांना जे बोल लावायचे आहेत, त्यांचा पहिला वाटा आमच्या पदरात पडतो.

आमच्या एका जुन्या धर्मग्रामातील एक कुटुंब. नवरा-बायको दोघेही नोकरी करणारी. वडिलोपार्जित वाडीचा हिस्सा विकून आलेले पैसे आणि बायकोचे दागिने यांतून त्यांनी चौथ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. "फादर, कागद सगळे क्लिअर आहेत," असे म्हणून त्यांनी आम्हांला प्लास्टिकची फाईल दाखविली होती. नोंदणीकृत करारनामा, घरपट्टीची पावती, विजेचे बिल आणि बांधकाम परवानगीची झेरॉक्स. आठ वर्षांनी भिंतीवर पाडकामाची नोटीस लागली, तेव्हा तीच फाईल घेऊन ते आमच्याकडे आले. आम्ही त्यांच्याबरोबर संबंधित कार्यालयात गेलो. परवानगीवरचा जावक क्रमांक कारकुनाला सांगितला. त्याने नोंदवही उघडली. त्या क्रमांकाचे पत्र खरोखरच गेले होते, पण ते दुसऱ्याच सर्व्हे नंबरच्या, दुसऱ्याच मालकाच्या कुंपणभिंतीविषयी होते. हे सर्व उमगायला पंधरा मिनिटे लागली. ती पंधरा मिनिटे आठ वर्षांपूर्वी खर्ची पडायला हवी होती.

फाईलमधले पहिले तीन कागद खरे होते, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. फसवणूक नेमकी तिथेच असते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दस्त नोंदविला, मुद्रांक शुल्क भरले, म्हणजे इमारत वैध झाली, असा आपल्या समाजात पक्का ग्रह आहे. नोंदणीने एवढेच सिद्ध होते की अमुक दिवशी अमुक दोघांनी हा व्यवहार केला. बांधकाम कायदेशीर आहे की नाही, याची हमी त्या शिक्क्यात नाही. घरपट्टी अनधिकृत इमारतीवरही बसते, किंबहुना शास्तीसह बसू शकते, आणि ती भरल्याने बांधकाम नियमित होत नाही, असे कायदाच सांगतो. विजेचे मीटर तर झोपडीलाही मिळते. आणि ग्रामपंचायतीच्या 'नमुना ८' चा उतारा काढून "हा बघा आठचा उतारा" असे सांगणारे दलाल आहेतच. हा उतारा कर आकारणीचा आहे. महसूल खात्याचा आठ-अ वेगळा, आणि बांधकामाच्या परवानगीशी या दोहोंचाही संबंध नाही. आकड्यांच्या या सारखेपणावर कित्येकांचे संसार गहाण पडले आहेत.

सातबारा तरी पुरेसा आहे काय? मुळीच नाही. सातबारा म्हणजे जमीन कोणाच्या नावे आहे, भोगवटादार वर्ग एक की दोन, इतर हक्कांत कूळ, बोजा वा वाद नोंदलेला आहे काय, याचा आरसा. त्यासोबत फेरफार मागे मागे वाचत गेले की नावे कशी बदलली तेही कळते. पण ती जमीन विकास आराखड्यात रहिवास विभागात आहे, हरित पट्ट्यात आहे, की त्यावर रस्ता, शाळा वा मैलापाण्याच्या केंद्राचे आरक्षण आहे, हे सातबारा सांगत नाही. त्यासाठी नगररचना विभागाकडे सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर देऊन झोन दाखला व भाग नकाशा मागावा लागतो. हा नकाशा रंगीत असतो आणि त्याची सूची समजायला विशेष बुद्धी लागत नाही. आम्ही सेमिनरीत ग्रीक क्रियापदे घोकली आहेत. त्या मानाने हे काम फारच सोपे आहे.

नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीत काय झाले, ते आपण सर्वांनी पाहिले. मैलापाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमी यांसाठी राखीव असलेल्या जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नोव्हेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या काळात त्या पाडण्यात आल्या. सुमारे अडीच हजार कुटुंबे रस्त्यावर आली. आरक्षण गुप्त नव्हते. ते छापील नकाशात होते. कल्याण-डोंबिवलीत तर ६५ इमारतींनी पालिकेच्या बनावट परवानग्या जोडून महारेराची नोंदणी मिळविली होती. ते प्रकरण २०२२ मध्ये उजेडात आले, आणि १९ नोव्हेंबर २०२४ रोजी उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. म्हणजे महारेराच्या संकेतस्थळावर नाव दिसले म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांचाही आधार गेला. आणि २६ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्री विरारमधील अनधिकृत रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळून १७ जण मरण पावले. परवानगी नसलेल्या इमारतीचा नकाशा कोणी तपासलेला नसतो. तिचे खांब किती जाडीचे आहेत, हे फक्त ठेकेदाराला ठाऊक असते.

यातून आम्हांला एकच गोष्ट सांगायची आहे. कागद ज्याच्या हातून आला, त्याच्याकडून तो तपासू नये. ज्या कार्यालयाने तो दिल्याचे म्हटले आहे, तिथे जाऊन तपासावा. विक्रेत्याने दिलेली झेरॉक्स हा पुरावा नव्हे, ती फक्त कुठे जाऊन विचारायचे याची खूण आहे. प्रारंभ प्रमाणपत्राचा क्रमांक आणि दिनांक घ्या, सर्व्हे नंबर जुळतो का ते बघा, मजले मोजा. परवानगी तळ अधिक चार मजल्यांची असेल आणि तुम्हांला सहाव्यावर खोली दाखवत असतील, तर जिना चढायचे श्रमही घेऊ नका. महानगरपालिकेच्या हद्दीत नियोजनाचे अधिकार सिडकोकडून २०१० मध्ये पालिकेकडे आले. तेव्हा त्यानंतरच्या तारखेची सिडकोची परवानगी कोणी पुढे केली, तर ती वाचतानाच शंका यायला हवी. राहायला जाण्यापूर्वी भोगवटा प्रमाणपत्र मागा. कार्यालयात दाद लागली नाही, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांचा अर्ज करा. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे, आणि "अशी परवानगी दिल्याची नोंद आढळत नाही" एवढे एक वाक्य आले, तरी तुमचे आयुष्यभराचे पैसे वाचतात.

यिर्मया संदेष्ट्याने अनाथोथचे शेत विकत घेतले, त्या प्रसंगावर आम्ही अनेकदा प्रवचन केले आहे. पण त्यातली एक बाब आमच्या नजरेतून नेहमी निसटत असे. त्याने १७ शेकेल रुपे साक्षीदारांसमक्ष तोलून दिले, खरेदीखताच्या दोन प्रती केल्या, एक मोहोरबंद आणि एक उघडी, आणि दोन्ही मातीच्या भांड्यात ठेवायला सांगितल्या. शहराला वेढा पडलेला, स्वतः कैदेत, विकणारा सख्खा चुलतभाऊ. तरीही कागद चोख. "आपलाच माणूस आहे" म्हणून त्याने काहीही सोडून दिले नाही.

आपल्याकडे मात्र "आपलाच माणूस" हीच सर्वांत मोठी परवानगी आहे. दलाल आपल्या गावचा, बिल्डरचा भागीदार सोडॅलिटीतला, मग कागद मागायचा कसा? आम्ही म्हणतो, त्याच्याकडूनच आधी मागा. प्रामाणिक असेल तर त्याला राग येणार नाही.

यात सरकारी यंत्रणेचा दोष नाही काय? आहे, आणि मोठा आहे. पाच मजले एका रात्रीत उभे राहत नाहीत. ते उभे राहताना पाहणारे डोळे कोणाचे होते, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु चौकशी होईल, अटका होतील, खटले चालतील, आणि त्या सर्व काळात भाड्याच्या खोलीत राहून मोडलेल्या घराचे हप्ते भरणारा तुमचाच मुलगा असेल.

एक कटू गोष्ट राहिली. या इमारती हवेत उभ्या राहिल्या नाहीत, आपल्या वाड्यांवर उभ्या राहिल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईसाठी रस्त्यावर उतरलेली माणसे याच गावांतली होती, आणि पुढे आराखड्यावर हजारोंनी हरकती नोंदविल्या त्याही इथल्याच लोकांनी. सर्व्हे नंबर लिहून, मुदतीत, सही करून. त्यांच्याच काही घरांनी नंतर हरित पट्ट्यातली जमीन कुलमुखत्यारपत्र करून बिल्डरच्या स्वाधीन केली आणि "तो काय बांधेल ते तो बघेल" म्हणून हात झटकले. त्यांना त्या जमिनीचा विभाग कोणता, हे ठाऊक होते. घेणाऱ्याने फक्त विचारले नव्हते.

यंदा आम्ही ठरविले की घराच्या आशीर्वादाची वेळ देण्यापूर्वी भाग नकाशा व भोगवटा प्रमाणपत्र पाहू. काही कुटुंबे दुखावली. परवा एक गृहस्थ म्हणाले, "फादर, तुम्ही आशीर्वाद देणार की पंचनामा करणार?" आम्ही त्यांना खुर्ची दिली आणि फाईल मागितली. त्यात परवानगीची झेरॉक्स होती, जावक क्रमांक पुसट होता. सोमवारी आमच्याबरोबर कार्यालयात येता का, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, घरी विचारून सांगतो. त्यांचा निरोप अजून आलेला नाही.