लवंग, दारुहळद आणि ६२५ ची गोळी

परवा रात्री साडेदहाला मावशीचा फोन आला. दाढ ठणकत होती, गाल सुजला होता आणि ती लवंगेच्या तेलाचा बोळा धरून बसली होती. "घरात त्या ६२५ च्या तीन गोळ्या उरल्यात बघ, मागच्या खोकल्याच्या. त्या आणि ही लवंग, दोन्ही एकदम चालेल ना रे?"

मी नेहमीच्या शहाणपणाने म्हटलं, "लवंगेने काय होतंय मावशी! आणि उरलेल्या गोळ्या तर मुळीच घेऊ नकोस. सकाळी उठून आधी दातांच्या डॉक्टरकडे जा." तिने फोन ठेवला, अर्थातच फणकाऱ्याने.

सकाळी ती गेली. दाढेच्या मुळाशी पू झाला होता. तो काढून रूट कॅनाल सुरू झालं. म्हणजे माझा सल्ला बरोबर ठरला. पण "लवंगेने काय होतंय" हे वाक्य डोक्यातून जाईना. मग थोडं वाचलं आणि कळलं की मावशीचा प्रश्न माझ्या उत्तरापेक्षा हुशार होता. म्हणून हा प्रपंच.

आधी त्या गोळीचंच बघू. ६२५ म्हणजे ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि १२५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड. पहिलं जंतू मारतं. दुसरं स्वतः फारसं काही मारत नाही. काही जंतू अमॉक्सिसिलिन तोडून टाकणारं एक रसायन तयार करतात, त्या रसायनाला निकामी करणं एवढंच त्याचं काम. ते मिळालं मातीतल्या एका जंतूपासून, आणि ही जोडगोळी १९८१ पासून बाजारात आहे. म्हणजे "औषध आणि त्याचा मदतनीस एकदम घेतलं तर?" हा मावशीचा प्रश्न आधुनिक वैद्यकानेही विचारला होता, आणि त्याचं उत्तर आपण चाळीसेक वर्षं पाण्याबरोबर गिळतो आहोत.

आता वनस्पतींकडे. दारुहळदीचं रसांजन आपल्याकडे डोळ्यांसाठी वापरत आलेत. तिच्यातला पिवळा, कडू पदार्थ म्हणजे बर्बेरिन. पण स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूपुढे एकट्या बर्बेरिनचं फारसं चालत नाही. या जंतूच्या आवरणात एक पंप असतो. बुडत्या होडीतलं पाणी उपसावं तसं तो आत शिरलेलं विष बाहेर फेकतो. २००० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दारुहळदीच्या तिकडच्या भाऊबंद झाडांत आणखी एक पदार्थ शोधला. तो एकटा जंतूला काहीच करत नाही, फक्त तो पंप अडवतो. मग बर्बेरिन आत साठतं आणि जंतू मरतो.

मला हे वाचून अक्षरशः थांबावं लागलं. एकाच झाडात मारणाराही आहे आणि त्याचा रस्ता मोकळा करणाराही! आपण मात्र झाडातला एकच पदार्थ काढतो, एकटाच तपासतो आणि "दम नाही" म्हणून बाजूला ठेवतो.

हाच पंप सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखं अँटिबायोटिकही बाहेर फेकतो. जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेतल्या लोकांनी २००६ मध्ये दाखवलं की मिरीतलं पायपरिन सोबत असेल तर याच जंतूला रोखायला सिप्रोफ्लॉक्सॅसिन कमी लागतं. आणि लवंग? दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी २०११ मध्ये तोंडातल्या जंतूंवर लवंगेचं तेल आणि त्यातलं युजेनॉल अँटिबायोटिकच्या जोडीने वापरून पाहिलं. जोडीचा परिणाम एकेकट्यापेक्षा चांगला आला. घ्या! मावशीचा बोळा आणि मावशीच्या गोळ्या, थोड्या वेगळ्या रूपात, प्रयोगशाळेत जाऊन आल्या होत्या.

इथवर वाचून आमची काही नातेवाईक मंडळी "बघ, आम्ही म्हणत नव्हतो?" असं म्हणत पुढचे निरोप पाठवायला घेतील. जरा थांबा.

हे बहुतेक प्रयोग काचेच्या बशीत झालेत. बशीला यकृत नसतं, पोट नसतं, चालू असलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या नसतात. सर्पगंधेचंच बघा. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावर तिचा कसा उपयोग होतो ते ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडलं आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. तिच्यातलं रिसर्पिनही जंतूचा तो पंप अडवतं. पण त्यासाठी लागणारी मात्रा माणसाला सोसणार नाही इतकी मोठी आहे. बशीत जिंकलेला पदार्थ शरीरात असा हरतो. आजवर जंतूंचा पंप अडवणारं एकही औषध रुग्णांसाठी मंजूर झालेलं नाही, यातच सगळं आलं.

दातांचं तर आणखी अवघड. तोंडातले जंतू सुटे फिरत नाहीत, दातावर चिकट थर करून वस्ती करतात. त्या थरात औषध नीट पोचत नाही. दाढेच्या मुळाशी पू असेल तर आधी तो बाहेर काढावा लागतो. लवंगेने ठणका थांबतो, आणि ठणका थांबला की आपण डॉक्टरकडे जाणं पुढे ढकलतो. तिचा खरा धोका हा आहे. शिवाय "घरगुती" म्हणजे निरुपद्रवी असंही नाही. पायपरिन अँटिबायोटिकला मदत करतं तसंच इतर काही औषधांचं रक्तातलं प्रमाणही वाढवू शकतं. फेफऱ्यावरचं फेनिटॉइन हे त्यातलंच एक. भाजीतल्या मिरीला घाबरायचं कारण नाही, पण डब्यातून विकत आणलेल्या अर्काच्या गोळ्यांचा विचार नक्की करा.

माझं मत आता असं झालंय. "आजीच्या बटव्यात सगळं आहे" म्हणणारे आणि "बटवा म्हणजे निव्वळ भोळसटपणा" म्हणणारे (परवापर्यंत मी यातलाच), दोघंही एकच चूक करतात. दोघांनाही वनस्पती अँटिबायोटिकच्या जागी उभी करून बघायची असते. एकाला ती जिंकलेली दिसते, दुसऱ्याला हरलेली. तिची जागा कदाचित शेजारी आहे, १२५ मिलिग्रॅमच्या जागी. त्या जागेत कमीपणा काहीच नाही, पण तिथे बसायला मोजमाप लागतं. किती, कशाबरोबर, किती दिवस, कुणाला द्यायचं नाही, हे सगळं ठरावं लागतं.

ते मोजमाप कोण करणार? मिरी-लवंगेचं पेटंट कुणाला आपल्या नावावर करता येत नाही, त्यामुळे औषध कंपन्यांना फारसा रस नाही. नव्या अँटिबायोटिकमध्येही त्यांना पैसा दिसत नाही. अमेरिकेतल्या अचाओजेन कंपनीच्या नव्या अँटिबायोटिकला २०१८ मध्ये मंजुरी मिळाली आणि २०१९ मध्ये कंपनीने दिवाळं काढलं. त्याच २०१९ मध्ये जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे झाले, असा अंदाज पुढे 'लॅन्सेट'मध्ये आला. म्हणून हे काम सरकारी पैशानेच व्हायला हवं. आपल्याकडे झाडं आहेत, प्रयोगशाळा आहेत, रुग्ण तर दुर्दैवाने आहेतच. बशीतल्या प्रयोगांचे आणखी शंभर निबंध छापण्यापेक्षा दोन-तीन जोड्या निवडून माणसांवर नीट चाचण्या करा. निकाल "उपयोग नाही" असा आला तर तेही छापा. बटव्याचा मान त्यातच आहे.

तोवर आपल्या हातात एवढंच की असलेली औषधं बोथट करायची नाहीत. खोकल्याच्या उरलेल्या तीन गोळ्या दाढेला घ्यायच्या नाहीत.

काल मावशीकडे जाऊन आलो. सूज उतरलीय. "तुझा प्रश्न बरोबर होता, चुकलो मी," असं म्हटल्यावर एकदम खूश झाली आणि म्हणाली, "मग त्या तीन गोळ्या ठेवू ना जपून?"

मी त्या खिशात घालूनच घरी आलो.