तार ग्रामपंचायतीपर्यंत आली. वस्तीतल्या संगणकांपर्यंत कोण आणणार?

केंद्रीय मंत्रिमंडळाने ४ ऑगस्ट २०२३ रोजी सुधारित भारतनेट कार्यक्रमाला मंजुरी दिली. त्यासाठी १,३९,५७९ कोटी रुपयांची तरतूद आहे. २०११ मध्ये मंजूर झालेल्या फायबर जाळ्याचाच हा पुढचा टप्पा. यात २ लाख ६४ हजार ग्रामपंचायती जोडायच्या आहेत आणि ग्रामीण भागातील दीड कोटी घरांना फायबर कनेक्शन द्यायचे आहे. ग्रामपंचायतीचे मुख्यालय नसलेल्या सुमारे ३ लाख ८० हजार गावांसाठी मात्र योजनेत एक शब्द घातला आहे: 'मागणीनुसार'.

बीड जिल्ह्यातील तरुणांनी हा शब्द नीट वाचला पाहिजे. ग्रामपंचायतीचे कार्यालय गावात असते आणि आपली वस्ती बहुतेक ठिकाणी गावाच्या कडेला. वाडी आणि तांडा तर त्याहून लांब. कार्यालयातल्या पेटीत तार आली की कागदावर गाव जोडले जाते. तिथून पुढे तार मागेल त्याच्याकडे जाते, आणि जो मागत नाही त्याची नोंदच होत नाही.

कोणी म्हणेल, प्रत्येकाच्या हातात मोबाईल असताना तार कशाला? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२५ च्या पाहणीनुसार देशातील ८६.३ टक्के घरांत इंटरनेट आहे. पण त्याच कार्यालयाच्या २०१७-१८ च्या पाहणीत ग्रामीण भागातील केवळ ४.४ टक्के घरांत संगणक होता. म्हणजे घरात आलेले इंटरनेट मुख्यतः मोबाईलचे आहे. मोबाईलवर व्हिडिओ पाहता येतो. पण एमएचटी-सीईटी, बँक आणि रेल्वेच्या परीक्षा संगणकावर होतात. महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज आणि जात पडताळणीची कागदपत्रे छोट्या पडद्यावर भरताना चुका होतात. मग पोरगं नेट कॅफे गाठतं, दर अर्जाला पैसे मोजतं आणि आपला पासवर्डही दुसऱ्याच्या हाती देऊन येतं. आई-वडील ऊसतोडीला गेलेले असतील तर अर्जाची मुदत सांभाळणारं घरात मोठं माणूसही नसतं. ज्याने माऊस पहिल्यांदा परीक्षा केंद्रावरच धरला, त्याची स्पर्धा घरी संगणक असलेल्या मुलाशी असते. ही विषमता गुणपत्रिकेत दिसत नाही, निकालात दिसते.

आता खर्च पाहू. जुलै २०२४ च्या दरवाढीत जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन २३९ वरून २९९ रुपयांवर गेला. घरात असे तीन फोन असतील तर ८९७ रुपये झाले, आणि दुपारपर्यंत डेटा संपतो तो संपतोच. घरगुती फायबरचे साधे प्लॅन महिन्याला साधारण चारशे-पाचशे रुपयांपासून सुरू होतात आणि एका तारेवर सगळे घर चालते. घरी फायबर असेल तर फोनवर फक्त बोलण्याचा आणि एसएमएसचा पॅक पुरतो. असा वेगळा पॅक ठेवणे ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना बंधनकारक केले आहे.

एका तारेवर अनेक संगणक चालवणे अवघड नाही. फायबर एका छोट्या पेटीत येऊन थांबते. तिला ओएनटी म्हणतात. ती राऊटरला जोडायची. आता अनेकदा दोन्ही एकाच पेटीत येतात. राऊटरच्या मागे बहुधा चार लॅन पोर्ट असतात, म्हणजे चार संगणक थेट तारेने जोडता येतात. जास्त हवे असतील तर आठ पोर्टचा स्विच घ्यायचा. प्रत्येक संगणकाला वेगळे कनेक्शन लागत नाही. राऊटरच प्रत्येकाला वेगळा आयपी पत्ता देतो. कॅट-६ केबलचा एक तुकडा १०० मीटरपेक्षा लांब नसावा. एका घरातून दुसऱ्या घरात उघड्यावरून तांब्याची केबल नेऊ नये, विजा कडाडतात तेव्हा सगळी यंत्रे एकदम जळू शकतात. ३० एमबीपीएसच्या लाईनवर दहा संगणक एकाच वेळी चालले तरी प्रत्येकाच्या वाट्याला ३ एमबीपीएस येतात. सराव परीक्षा आणि अर्ज यांसाठी तेवढे पुरेसे आहे. वीज जाते तेव्हासाठी राऊटरला छोटा यूपीएस लावावा.

ज्या घरात दोन-तीन शिकणारी मुले आहेत, तिथे एक जुना संगणक आणि ही तार एवढ्याने काम भागते. ज्यांना तेही परवडत नाही, त्यांच्यासाठी विहाराची किंवा समाजमंदिराची अभ्यासिका आहे. मात्र तिथले कनेक्शन संस्थेच्या नावावर घ्यावे, कोणा एकाच्या नावावर नको. शेजारच्या घरांनाही सेवा द्यायची असेल तर डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली पीएम-वाणी योजना आहे. तिच्यात सार्वजनिक डेटा कार्यालय चालवायला परवाना किंवा नोंदणी शुल्क लागत नाही. अशा केंद्रांना २०० एमबीपीएसपर्यंतचे घरगुती प्लॅन दुपटीपेक्षा जास्त दराने विकता येणार नाहीत, असा आदेश ट्रायने जून २०२५ मध्ये काढला.

पैसा कुठून आणायचा? ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करायची असते. आजवर आपण त्यातून रस्ता, गटार, दिवे मागितले. ती गरज खरीच होती. आता त्या यादीत अभ्यासिकेतले संगणक आणि फायबर लिहून द्यायची वेळ आली आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फहीमा शिरीन प्रकरणात इंटरनेट मिळण्याचा हक्क हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे कलम २१ शी जोडले. केरळ सरकारने २०२३ मध्ये स्वतःचे फायबर जाळे सुरू करून २० लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडण्याचे उद्दिष्ट ठेवले. म्हणजे मागणी अवाजवी नाही.

पुढच्या ग्रामसभेआधी तीन कामे करा. भारतनेटची तार आपल्या ग्रामपंचायतीत आली आहे का आणि ती चालू आहे का, हे लेखी विचारा. वस्तीतील किती घरांना कनेक्शन हवे, त्याची सह्यांसह यादी करा. आणि १५ टक्के निधीचा मागील तीन वर्षांचा हिशेब मागा. तिन्ही कागद ग्रामसभेत मांडून ठरावाची प्रत घेतल्याशिवाय उठू नका. योजना 'मागणीनुसार' आहे, तर मागणी कागदावर दिसली पाहिजे.