कापलेले पैसे तुमचेच आहेत, मागा की!

नाणेघाटात ट्रेकला गेलात की वर तो दगडी रांजण दिसतोच. घाटातून जाणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात त्यात जमा व्हायची, असं सांगतात. रांजणात पडलेलं नाणं गेलंच म्हणायचं. टीडीएसचं तसं नसतं. तो परत मिळू शकतो. मागावा मात्र लागतो.

२०१८ मध्ये जुन्नर पर्यटन तालुका जाहीर झाला. आज कृषी पर्यटन केंद्रापासून मंचरच्या क्लासपर्यंत प्रत्येकाला इन्स्टाचं पेज हवंय आणि ते सांभाळताय तुम्ही. रील, कॅप्शन, मेसेजना उत्तरं, सगळं कॉलेज सांभाळून. पैसे जीपेवर येतात, हिशेब मात्र कुठेच नसतो.

गावातला छोटा मालक बहुधा टीडीएस कापत नाही. पुण्यातली कंपनी कापते, अनेकदा १० टक्के. म्हणजे वर्षाला १ लाख २० हजारांचं काम केलंत, तर हातात १ लाख ८ हजार. उरलेले १२ हजार तुमच्या पॅनवर सरकारकडे जमा. पॅन दिलाच नाही, तर कपात थेट २० टक्के! नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही. मग ते १२ हजार तुमचेच ना? पण ‘आपल्याला कुठे कर लागतो’ म्हणत रिटर्न भरलं नाही, तर ते तिकडेच राहतात.

दुसरी गोष्ट खर्चाची. कर मिळकतीवर नाही, खर्च वजा जाता उरलेल्या नफ्यावर असतो. कामापुरता रिचार्ज, एडिटिंग ॲपची वर्गणी, शूटसाठीचा प्रवास वजा होतो. लॅपटॉपचा घसारा मिळतो. मित्रांसोबतची मिसळ त्यात घुसवू नका, राव! आणि शेती करमुक्त म्हणून शेतीचं पेज सांभाळल्याचे पैसेही करमुक्त, हा गैरसमज सोडा.

म्हणून आजपासून एवढं करा: प्रत्येक कामाचं बिल द्या, पावत्या जपा, कापलेला टीडीएस २६एएसमध्ये दिसतो का ते तपासा आणि मुदतीत रिटर्न भरा.

जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगावच्या कॉलेजांनाही एक सांगणं. ‘कमवा आणि शिका’ म्हणता, तर कमावलेलं सांभाळायलाही शिकवा. कॉमर्सच्या सरांनी एक दुपार दिली, तरी पुरे. कष्टाचे १२ हजार म्हणजे कुणाची तरी वर्षाची फी असते.